खोडावरचं दगडफूल

वनस्पती संग्रहालयात वाळलेली पानंफुलं कागदावर चिकटवण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला डिंकोबा म्हणत. निवृत्तीनंतरही तो रोज यायचा, फाटकाजवळच्या जुन्या झाडासाठी. खोडावर तळहाताएवढं, कडेला चुण्या पडलेलं राखाडी दगडफूल होतं. तसलं शहरात दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं. फाटक रुंद करायला झाड तोडणार होते; आज अकराला अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. दगडफूल दिसलं तर झाड वाचणार होतं.

साडेदहाला डिंकोबा पोचला आणि फाटकातच थबकला. खोड घासून लख्ख!

"बघताय काय असे?" माळी ब्रश झटकत म्हणाला. "पाहुणी येणार, तर झाडाला आंघोळ नको? सगळी खरूज काढली. आता म्हणू दे कुणी रोगट!"

"अरे, ती खरूज बघायलाच येतायत त्या."

माळ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मग काल बोलायचं ना, काका! तुमचं सगळं मनातल्या मनात."

खरंच होतं. सांगावं असं दहादा वाटलं होतं. पण आपण कोण सांगणारे, म्हणून तो गप्प राहिला होता.

दोघांनी कचऱ्याची टोपली उपसली. चार तुकडे धड निघाले. डिंकोबाने पिशवीतली डिंकाची बाटली काढली. जे जिथे सापडलं नाही, ते तिथलं म्हणून त्याने आजवर कधी दाखवलं नव्हतं. आज त्याने चारही तुकडे सालीवर चिकटवले.

बाई आल्या. भिंग लावून बघत म्हणाल्या, "हे तर मेलेलं दिसतंय."

"छे हो! पाणी लागू दे, लगेच हिरवं होतं." आयुष्यभराचं ज्ञान तोंडातून निसटलं, आणि मग त्याने जीभ चावली.

बाईंनी पाणी फवारलं. राखाडी तुकडे हिरवेगार झाले. क्षणभर तिघेही हरखले. मग एकेक तुकडा चिकट तार सोडत खाली घसरला.

बाईंनी बोटं चोळली. "डिंक?"

"हो."

"बाई, खरवडलं मी. त्यांचा काही दोष नाही," माळी कळवळून म्हणाला.

"मला झाडावर वाढलेलं लागतं, आजोबा." त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि त्या गेल्या.

डिंकोबाने हिरवा तुकडा उचलून सालीवर दाबून धरला.

"सोडा आता, काका."

"वाळू दे जरा," तो म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.