गॅलरीत टांगलेली तीन नंबरची डीव्हीडी

मित्रांनो, माझ्या मधल्या भोकातून सुतळी ओवून मला अकरा दिवस उन्हात टांगलं होतं. कशासाठी? तर कबुतरांना घाबरवायला. कबुतरं घाबरली नाहीत. दुसऱ्याच दिवशी एक कबुतर शेजारच्या दांडीवर बसलं आणि माझ्यावर घाण करून उडून गेलं. मी एक जुनी डीव्हीडी आहे, आणि मला राग आलेला आहे. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही पन्नास जणी एका गोल डब्यात रचलेल्या होतो. सगळ्या कोऱ्या, सगळ्या सारख्या. नाशिकरोडच्या एका स्टुडिओवाल्याने आम्हाला आणलं. एके दिवशी तिथे लताबाई आल्या. त्यांच्या पिशवीत हँडीकॅमच्या लहान लहान कॅसेटी होत्या.

"दादा, हे सगळं डीव्हीडीवर उतरवून द्या. आणि काही कापू नका हं," त्यांनी त्याला दोनदा बजावलं.

त्याने ऐकलं. लेझरने माझ्या जांभळ्या अंगावर ते सगळं लिहिलं आणि मी कोरी राहिले नाही. घरी नेल्यावर लताबाईंनी मार्करने माझ्यावर लिहिलं, '३. लेणी, गॅदरिंग, पापड'. माझ्या अशा आणखी चार बहिणी होत्या.

लताबाई अंगणवाडीत शिकवायच्या. हँडीकॅम त्यांच्या भावाने मस्कतहून आणलेला. त्यांचे मालक, कारभारी नावाचे, मनमाडला रेल्वेत फिटर होते. रोज नाशिकरोडहून गाडीने जायचे आणि गाडीनेच यायचे. पाना धरताना त्यांचा हात पक्का असायचा, पण कॅमेरा हातात घेतला की थरथरायचा. म्हणून शूटिंग कायम लताबाईंकडे. बिल्डिंगमधले लोक आधी हसायचे, बाई शूटिंग करते म्हणून. नंतर तेच लोक बारशाला त्यांना बोलवायला लागले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जो कॅमेरा धरतो तो चित्रात येत नाही. पाच डीव्हीडी मिळून लताबाई फक्त दोनदा दिसतात. एकदा लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांची सावली, आणि एकदा पापड उलटणारा बांगड्यांचा हात. पण नवऱ्याला, लेकीला बोलणारा त्यांचा आवाज सगळीकडे आहे. "अहो, उजेडात या की." "स्नेहा, रिबीन घालू नको गं तोंडात." "हसा जरा, पगार कापत नाहीत हसल्यावर." त्या म्हणजे आमच्यातला आवाज होत्या.

माझ्यात त्यांची चार मिनिटं अशी आहेत की ज्यात काहीच दिसत नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती. गच्चीवर नागलीचे पापड चालले होते. शेजारच्या सविताबाई लाटत होत्या. लताबाईंनी कॅमेरा बंद केला असं समजून तो खाली ठेवला. तो बंद झालाच नव्हता. त्यामुळे चित्रात नुसती पिवळी साडी, जिच्यावर पापड वाळत घालतात ती, आणि कोपऱ्यात एक चप्पल. पण आवाज स्वच्छ आहे.

"लताताई, तुझ्या मालकांना हसताना कुणी पाहिलंय का गं?" सविताबाई विचारतात.

"त्यांना हसायला सिग्नल लागतो. तोही मनमाडहून सुटतो."

मग दोघी इतक्या हसतात की लाटणं घरंगळल्याचा आवाज येतो. पुढे लताबाई हळू आवाजात सांगतात, "पण सविता, रात्रपाळी करून आलेला माणूस मला झोपेतून उठवत नाही. स्वतः स्टो पेटवतो. असा कोण असतो सांग." आणि मग जिन्याच्या दिशेने मोठ्याने, "अहो! चहा ठेवला का?"

खालच्या मजल्यावरून कारभारींचा आवाज येतो, "ठेवला! साखर कुठंय?"

घरात आम्हाला लावलं की ही चार मिनिटं कधी पुढे ढकलली गेली नाहीत. चप्पल दिसली की सगळे आधीच हसायला लागायचे. कारभारी मान खाली घालायचे, पण त्यांचे खांदे हलायचे.

मग डीव्हीडी प्लेअर बिघडला, नवा कुणी घेतला नाही, आणि आम्ही कपाटात गेलो. त्याचं मला दुःख नव्हतं. कपाटात अंधार असतो आणि अंधार आम्हाला मानवतो. दुःख वेगळंच आलं. लताबाईंना घशाचा आजार झाला. शेवटची दोन वर्षं त्यांचा आवाज पूर्ण गेला होता. अंगणवाडीतली जुनी पाटी मांडीवर घेऊन त्या लिहून बोलायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यानंतर कारभारींनी कपाट उघडलं, आम्हा पाचजणींना मोजलं आणि पुन्हा ठेवलं. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. त्यांच्याकडे ऐकायला यंत्र नव्हतं, आणि त्या पाटीवर आवाज नव्हता.

म्हणून वर्षाच्या आठवणीचा, पुण्यानुमोदनाचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांनी आम्हाला जावयाकडे दिलं. स्नेहाचा नवरा धम्मपाल कंपनीत कामाला आहे आणि कॉम्प्युटरमधला जाणकार आहे.

"धम्मपालराव, यांची एकच करा. कार्यक्रमात सगळ्यांना दाखवू," कारभारी म्हणाले. "पापडाचं तेवढं राहू द्या."

"पप्पा, तुम्ही निर्धास्त राहा. एकदम फर्स्ट क्लास करतो."

मी खोटं बोलणार नाही. त्या माणसाने मेहनत केली. कामावरून आल्यावर रोज कॉम्प्युटरसमोर बसायचा. आम्हा पाचजणींना एकेक करून आत घेतलं, सगळं उतरवून काढलं, एका रांगेत लावलं. हललेलं काढलं, अंधारलेलं काढलं. माझी चार मिनिटं आली तेव्हा त्याने पाच-सहा सेकंद ती पिवळी साडी पाहिली, म्हणाला, "हे वाया गेलंय," आणि कापली. आवाज वाढवूनसुद्धा पाहिला नाही!

पुढे तर कहर झाला. गच्चीवर वारा होता, गॅदरिंगमध्ये गोंगाट होता, म्हणून त्याने सगळ्याच शूटिंगचा आवाज बंद केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गाणं घातलं. गाणं संपलं की पुन्हा तेच गाणं. मग कॉम्प्युटरमध्ये जागा होत नव्हती म्हणून उतरवलेलं मूळही पुसलं. सगळं एका पेनड्राइव्हवर आलं, आणि आमचं काय करायचं असा प्रश्न पडला. त्यांच्या गॅलरीत कबुतरांचा त्रास होता. धम्मपालने सुतळी आणली.

"अहो, पप्पांना विचारलं का?" स्नेहाने विचारलं.

"यात काय विचारायचं? सगळं एका जागी आलंय. या तबकड्यांना आता काम नाही."

काम नाही! सगळं म्हणजे काय, हे त्याने कुणाला विचारलं होतं?

गॅलरी पूर्वेची होती. ऊन सकाळी सात वाजता यायचं ते दुपारपर्यंत अंगावर. तुम्हाला वाटतं डीव्हीडी म्हणजे प्लास्टिक, तिला काय होतंय. आमच्यावरचं लिहिलेलं उन्हाने पुसट होतं, मित्रांनो. जाणवतं ते. रोज थोडं थोडं जातं. माझी दोरी खांबामागे होती म्हणून मी जरा कमी भाजले. एक आणि दोन नंबरच्या बहिणी थेट उन्हात होत्या.

अकराव्या दिवशी सकाळी कार्यक्रम झाला. स्नेहाच्या हॉलमध्ये लताबाईंचा हार घातलेला फोटो, समोर मेणबत्त्या, पन्नासेक माणसं. गॅलरीचं दार उघडं असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. त्रिसरण-पंचशील झालं. मग धम्मपालने मोठ्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.

चित्र सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. स्नेहा नाचली, लेणी आली, गच्ची आली. लोक "वा जावईबापू" म्हणत होते. सविताबाई मात्र पुढे सरकून बघत होत्या.

"अगं बाई, ही मी! पण माझं तोंड हलतंय अन् गाणं भलतंच चाललंय. मी इतकी गप्प जन्मात बसले नाही."

लोक हसले. कारभारी हसले नाहीत. ते वाट बघत होते. चप्पल यायची वाट. पापड झाले आणि एकदम दुसऱ्याच कुणाचं बारसं सुरू झालं.

"धम्मपालराव, गाणं बंद करा," ते म्हणाले.

"पप्पा, ते वेगळं बंद होत नाही. आता एकच झालंय."

"मग हिचा आवाज कुठंय?"

"तो काढला. वारा लय होता, आणि आईंचं बोलणं मध्ये मध्ये..." धम्मपाल बोलता बोलता थांबला. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

जावयाला चारचौघांत कुणी बोलत नाही. कारभारी तर आजवर त्याला खुर्ची दिल्याशिवाय स्वतः बसले नव्हते. पण त्या दिवशी ते उठून उभे राहिले.

"तासभर चाललंय हे. यात ती कुठंय, मला दाखवा. एकदा सावली दिसली, एकदा हात दिसला. बाकी ती बोलत होती, अन् तेवढंच तुम्ही काढलं. तिची वर्षाची आठवण म्हणून हे लावलं, अन् तीच नाही यात!"

"पप्पा, लोक बसलेत," स्नेहा म्हणाली.

"बसू दे. बाई, दोन वर्षं तिच्या तोंडून शब्द ऐकला नाही मी. पाटी वाचली नुसती." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "जाऊ द्या. माझ्या मूळच्या डीव्हीड्या द्या. त्यात आहे सगळं."

त्याच वेळी वारा आला आणि आम्ही पाचजणी फिरलो. उन्हाचे कवडसे हॉलच्या भिंतीवर नाचले आणि त्यातला एक लताबाईंच्या फोटोवरून गेला. कवडसा कुठून आला ते बघायला कारभारींनी मान वळवली.

ते गॅलरीत आले. मग एकेक गाठ सोडायला लागले. सुतळी तोडली नाही, सोडली.

"आम्ही लोखंडात काम केलं," मागे न बघता ते म्हणाले. "जुना नट काढला तर नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकत नाही आम्ही. तुम्ही माझी बायको टांगली हो कबुतरांसाठी."

धम्मपालने मान खाली घातली. माझा राग तरीही गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पाहुणे जेवून गेल्यावर कारभारींनी आम्हाला नळाखाली धुतलं, मऊ धोतराच्या तुकड्याने मधून कडेकडे पुसलं. मग धम्मपालने आम्हाला एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातलं. एक नंबर वाचली गेली नाही. दोन नंबर नुसती घरघरली. चार आणि पाचवर तुकडे तुकडे सापडले. मग माझी पाळी आली. मी आयुष्यात इतकी जोर लावून कधी फिरले नव्हते.

लेणी नीट आली. गॅदरिंग अडखळलं. आणि मग पिवळी साडी. चप्पल. कारभारी खुर्चीच्या टोकाशी आले. सिग्नल आला, मनमाड आलं, लाटणं घरंगळलं. स्नेहा पदराने डोळे पुसत हसली. मग त्या हळू आवाजातल्या ओळी आल्या, स्टोच्या. कारभारींनी डोळे मिटून घेतले.

"अहो!" लताबाईंनी हाक मारली.

आणि मी अडकले. पुढचं उन्हाने खाल्लं होतं. मला ते सापडेना. मी मागे जायचे, पुढे यायचे आणि तिथेच यायचे. "अहो! अहो! अहो!"

धम्मपालने घाईने बंद करायला हात पुढे केला. कारभारींनी तो धरला.

"राहू द्या. हाक मारतीय ती."

चहाचं आणि साखरेचं माझ्यावरून कायमचं गेलं. कॅसेटी तर केव्हाच बुरशीने गेल्या होत्या, त्यामुळे ते आता जगात कुठेही नाही. उरलं तेवढं धम्मपालने दोन ठिकाणी उतरवून ठेवलं. त्यावर गाणं घातलं नाही, आणि शेवटच्या हाकांतली एकही हाक त्याने कापली नाही. मी सध्या कारभारींच्या कपाटात त्या पाटीशेजारी असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारख्या कुणी पडलेल्या असतील. त्यांची एक करा, दहा करा, कॉम्प्युटरवर हवं ते करा. पण कापण्याआधी आवाज वाढवून शेवटपर्यंत ऐका. काय वाया गेलंय ते ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा. नवं उतरलेलं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं जपा. आणि आम्हाला उन्हात टांगू नका. कबुतरं घाबरत नाहीत.