डझनाला नऊ मिनिटं

कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं तेव्हा पाच महिन्यांचा पगार आत राहिला होता. मालकाने आधी आजाराचं कारण सांगितलं, मग बँकेचं, मग व्यापाऱ्याचं, आणि शेवटी कारण सांगायलाही तो समोर येईना. फोन केला की त्याचा मेहुणा उचलायचा आणि कानांवर हात ठेवायचा.

कारखाना कातडी हातमोज्यांचा. भट्टीवर, वेल्डिंगवर काम करणारे घालतात तसले जाड मोजे. मोजा शिवतात उलटा, शिवण बाहेर ठेवून. मग टेबलावर उभ्या बसवलेल्या लोखंडी सळईवर त्याचं एकेक बोट चढवायचं, अंगठ्याने रेटायचं आणि मोजा सुलटा करायचा. या कामाला तिथे उलटाई म्हणत. उलटाईच्या शेवटच्या टेबलावर दोघी जावा बसायच्या. थोरली सव्वीस वर्षं कामाला, धाकटी एकोणीस. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, तेव्हापासून चूलही एकच होती.

मोबदला नगावर होता. दिवसाला चाळीस डझन जोड्यांच्या वर गेलं की वरचा दर लागायचा, जवळजवळ दीडपट. चाळीस डझन एकटीच्या हातून होणं अशक्य. थोरली जीव तोडून अठ्ठावीसपर्यंत जायची, धाकटी वीसपर्यंत. म्हणून धाकटी कामाला लागली तेव्हाच दोघींनी डोकं चालवलं आणि सगळे नग थोरलीच्या नावावर घालायला सुरुवात केली. वरचा दर मिळायचा, शनिवारी घरी येऊन दोघी वाटून घ्यायच्या. सुपरवायझरला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, माझी वही भरली म्हणजे झालं. इतर टेबलांवरही हेच चाले. आपण मालकाला चांगलं बनवलं म्हणून दोघी कित्येकदा हसल्या होत्या.

त्या हसण्याची किंमत कळली ती कामगार कार्यालयात. तिथल्या अधिकारी बाई चाळिशीच्या, बोलायला कोरड्या, पण अर्ज वाचताना ओळ न सोडणाऱ्या. त्यांनी आधी धीर दिला. नग कितीही होवोत, माणूस दिवसभर कामावर हजर असेल तर सरकारने ठरवलेलं किमान वेतन मालकाला द्यावंच लागतं. शिवाय जितकी वर्षं नोकरी, तितक्या वर्षांची ग्रॅच्युइटी. कारखाना बंद केला म्हणून हे देणं बुडत नाही. थोरलीला वाटलं, चला, कोणीतरी सरळ बोलणारं भेटलं.

मग मालकाने वह्या सादर केल्या. फाटकावरचं हजेरीचं रजिस्टर म्हणे पाण्याने भिजून गेलं. उरली नगांची वही. तीत शेवटच्या टेबलासमोर एकच नाव होतं, थोरलीचं. रोज शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस डझन. धाकटीचं नाव एकोणीस वर्षांत कुठेच नव्हतं. मालकाच्या वकिलाने लिहून दिलं की ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती, जावेला डबा द्यायला यायची.

त्या रात्री धाकटी जेवली नाही. थोरलीने तिला परोपरीने सांगितलं की माझं जे मिळेल ते अर्धं तुझं, नेहमीसारखं. धाकटीने चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली,

“पैसे तुम्ही द्याल हो जाऊबाई. माझी एकोणीस वर्षं कुठून द्याल?”

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा कामगार कार्यालयात गेल्या. अधिकारी बाईंनी एक वाट दाखवली. थोरलीने शपथेवर सांगायचं की हे नग एकटीचे नव्हते. त्यात तिचंही नुकसान होतं, कारण वरचा दर खोट्या नोंदीने घेतला असं मग वकील म्हणणार. थोरली म्हणाली, म्हणू दे.

सुनावणीच्या दिवशी खोलीत चारच माणसं होती. अधिकारी बाई टेबलामागे, दोघी जावा बाकावर, आणि समोर वकील. वकील गोरागोमटा, गोड बोलणारा. थोरलीने सगळं सांगितलं. एका बाईच्या हातून दिवसाला अठ्ठेचाळीस डझन होऊच शकत नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं. वकिलाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली. तो कारखान्यातलं पोतं घेऊन आत आला. पोत्यात न उलटलेले मोजे होते, आणि बरोबर लाकडी फळीवर बसवलेली सळई.

“मावशी, एक डझन करून दाखवा,” वकील म्हणाला. “आम्हालाही कळू दे किती वेळ लागतो.”

अधिकारी बाईंनी थोडा विचार करून परवानगी दिली. धाकटी थोरलीच्या कानाशी लागली आणि एवढंच म्हणाली की हात सावकाश चालवा. हे सांगायची गरज नव्हती. थोरलीला डाव कळला होता.

पहिला मोजा तिने मुद्दाम रेंगाळत उलटला. दुसराही. पण हळू काम तिला कधी जमलंच नव्हतं. कातडं सळईवर थांबलं की अडकतं, करंगळी आतच मुडपते, मग दुप्पट रेटावं लागतं. तिसऱ्या मोज्याला तिचा हात अडखळला तसा वकील हसून म्हणाला, “सव्वीस वर्षं काय फक्त पगार घ्यायला येत होतात का?”

थोरलीने मान वर केली नाही. हात मात्र सुटला. अंगठा, तर्जनी, मधलं, एकामागून एक बोटं सळईवर चढू लागली, मोजे सुलटे होऊन डाव्या बाजूला पडू लागले. जोडीला जोड लावायला तिला बघावंही लागत नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या लयीत हात चालले त्याच लयीत ते चालले, आणि ते कशासाठी चाललेत याचा तिला विसर पडला. शेवटचा मोजा टाकून तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. धाकटीच्या नजरेवरून ते तिचं तिलाच कळलं.

“नऊ मिनिटं,” वकील म्हणाला. “आठ तासांचे त्रेपन्न डझन होतात, मॅडम. अठ्ठेचाळीस करून मावशींना चहालाही वेळ उरतो.”

अधिकारी बाईंनी पेन उचललं. धाकटी भिंतीकडे बघत होती. थोरलीने विचारलं, पोत्यात अजून मोजे आहेत का. पोतं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.

“मग थांबा, मॅडम. यांनी एक डझन बघितलं. दिवस कुठे बघितलाय?”

वकिलाने हरकत घेतली. अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते आणि दुपारची सुनावणी पुढे ढकललेली होती. पोतं तुम्हीच आणलंत, असं त्या वकिलाला म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर तासांचे रकाने आखले.

पहिल्या तासाला सहा डझन झाले. दुसऱ्याला पाच. यावेळी थोरली हात राखून करत नव्हती आणि पळवतही नव्हती, कामावर बसायची तशी बसली होती. तिसऱ्या तासाला चार झाले. मग अर्धा तास सुट्टी. धाकटीने तिच्या अंगठ्यावर गार पाण्याची पट्टी धरली. थोरली पुन्हा बसली तेव्हा अंगठ्याचा सांधा सुजून तांबडा झाला होता. कारखान्यात तो असा झाला की ती धाकटीला साधे, पातळ कातड्याचे मोजे मागायची आणि धाकटी तिचे जाड मोजे आपल्याकडे ओढायची. इथे ओढणारं कोणी नव्हतं. चौथ्या तासाला तीन, पाचव्याला कसेबसे तीन. नखाच्या कडेतून रक्त आलं आणि पिवळ्या कातड्यावर डाग पडू लागले.

“मुद्दाम हळू करतायत,” वकील म्हणाला. “हे लिहून घ्या.”

थोरलीने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. अंगठा बाहेरच्या बाजूला ताठ राहिला होता, मिटत नव्हता. अधिकारी बाई उठून आल्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि परत जाऊन बराच वेळ लिहीत राहिल्या.

“पुरे करा आता, जाऊबाई,” धाकटी म्हणाली.

“किती वाजले?”

“पाच.”

“मग कचेरी सुटायला एक तास आहे.”

शेवटच्या तासाला दोन डझन झाले. एकूण तेवीस. वकिलाने पोतं उचलायला सांगितलं आणि फोनवर बोलत निघून गेला.

निकाल दोन महिन्यांनी आला. धाकटी एकोणीस वर्षं कामाला होती हे मान्य झालं, तिचं पाच महिन्यांचं किमान वेतन आणि ग्रॅच्युइटी मंजूर झाली. थोरलीचा वरचा दर नामंजूर झाला. नोंदी तिच्या एकटीच्या नव्हत्या हे तिनेच सिद्ध केलं होतं, त्यामुळे तिचं येणं निम्म्यावर आलं. महिन्याभरात मालक वरच्या कचेरीत अपिलात गेला. हातात अजून छदामही पडलेला नाही.

थोरलीचा अंगठा पुन्हा मिटला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला हातमोज्यांचा एक नवा कारखाना आहे. तिथे दोघी विचारायला गेल्या, पण हात बघून त्यांनी थोरलीला दारातूनच परत पाठवलं. धाकटीला घेतलं.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या सुपरवायझरने धाकटीला सुचवलं की शेजारच्या बाईबरोबर नग एकत्र घाल, दोघींना वरचा दर मिळेल. धाकटीने संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं. थोरली डाव्या हाताने भाजी चिरत होती, अजून सवय नव्हती, तुकडे लहानमोठे पडत होते.

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं माझी ओळ वेगळी ठेवा. वीस झाले तरी वीसच लिहा.”

“दर?”

“खालचाच. भाड्याला कमी पडेल.”

थोरलीने मान हलवली. धाकटीने तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरायला बसली.