आवाज बसवताना

बहिणीच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या वतीने कॉम्प्युटर बोलायचा. ती टाइप करायची, तो मोठ्याने म्हणायचा. प्रोग्रॅम तिच्या जावयानेच बनवलेला. जुना कॉम्प्युटर जळाला, नवा तिच्या दुकानात आणून ठेवला, आणि नेमका आजच तिचा मुलगा भाडेकरू घेऊन येणार होता. तिचं शिवणाचं दुकान बंद करून आईला आपल्याकडे न्यायचं, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. तिला 'नाही' म्हणायचं होतं. पाटीवर लिहून भागत नसे. तिचं लिहून होईपर्यंत मुलगा दुसऱ्याच विषयावर गेलेला असे.

म्हणून मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीसमोर बसलो होतो आणि जावई फोनवर होता.

"मामा, मी पाठवलेली ओळ टाकलीत? आता पासवर्ड टाका."

"टाकतोय. उमटतच नाहीये."

"तो दिसत नाही. टाका आणि एंटर दाबा."

न दिसणारं लिहायचं कसं? डोळ्यांना अक्षर दिसल्याशिवाय माझा भरवसा बसत नाही. मी एकेक बटण दोनदोनदा दाबलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. बहिणीने मला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः टाकला. ओळी धावू लागल्या.

"आता हात लावू नका," जावई म्हणाला. "सगळे भाग तोच आणेल, जोडेल आणि बसवेल."

धावता धावता ओळी थांबल्या. शेवटची तिथेच ठाण मांडून बसली. आत पंखा घरघरत होता, पुढे काही सरकत नव्हतं. बहीण एकदा घड्याळाकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिच्या दुकानात मशीन अडलं की एकच उपाय: मोटर बंद करायची, चाक हाताने मागे घ्यायचं, पुन्हा चालू. मी खिडकी बंद केली.

"मामा! अडकलं नव्हतं ते, जोडणी चालली होती!"

"मग तसं म्हणायचं ना त्याने! बोलायचाच प्रोग्रॅम ना हा?"

"बसल्यावर बोलेल हो! आता अर्धवट राहिलेलं पुसा आणि पहिल्यापासून चालवा."

पुसलं. चालवलं. ती ओळ पुन्हा त्याच जागी येऊन बसली, आणि मुलगा भाडेकरूला घेऊन दारात हजर. आल्या आल्या त्याने भिंतीला मोजायचा टेप लावला.

"हा काउंटर काढला की जागाच जागा. मामा, तुम्हीच सांगा, आईचं काय म्हणणं आहे?"

"मला वाटतं," मी चाचरत म्हणालो, "तिला जरा वेळ हवाय..."

बहिणीने टेबलावर असा हात आपटला की कात्री उडाली. तिने मुलाला खुर्ची दाखवली, मग पडदा दाखवला.

"आई, यांना पुढे जायचंय."

ती दार अडवून उभी राहिली. तो धुसफुसत बसला. आम्ही सगळे त्या एका ओळीकडे बघत राहिलो.

"हे नेहमी असंच चालतं का?" भाडेकरूने विचारलं. माझ्या तोंडात एक शिवी आली होती, ती गिळली.

शेवटी ओळ हलली. बहीण येऊन बसली, भराभर टाइप केलं. आवाज अजून तिच्यासाठी निवडलेला नव्हता. एक जाडाभरडा बाप्या बोलू लागला.

"दादा, मला वेळ नकोय. आणि बाळा, दुकान बंद होणार नाही. टेप गुंडाळ."

मुलगा म्हणाला, "अगं आई, पण ऐक तर..."

तिने आवाज वाढवला आणि तेच पुन्हा ऐकवलं.