कुमाररावांची डेंटिस्ट

२००१ साली सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीतून रुचाला नारळ मिळाला, तेव्हा तिला खरं तर हायसं वाटलं होतं. पण तसं म्हणायची चोरी, कारण कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पुढे तिनं कम्युनिटी कॉलेजात जाऊन डेंटल हायजीनिस्टचं शिक्षण घेतलं, लायसन्स मिळवलं आणि एका दातांच्या दवाखान्यात रुजू झाली. लोकांचे दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, एक्स-रे काढायचे. दात किडलेला निघाला तर पुढचं डेंटिस्ट बघणार. पगार जुन्या नोकरीपेक्षा चांगला, आणि सोमवारची धास्ती नाही ही चैन वेगळीच. तोंडावर हात धरून हसणारी एक बाई वर्षभरात हात मांडीवर ठेवून हसायला लागली, त्या संध्याकाळी रुचानं आईला ते दोनदा सांगितलं. आईनं दोन्ही वेळा कौतुकानं ऐकलं. वडिलांनी पेपरमागून विचारलं, डेंटल स्कूलला जाऊन डेंटिस्ट व्हायचं काय ठरवलंस?

वडील म्हणजे कुमारराव. चिप डिझाइनमध्ये सगळी हयात गेलेला माणूस. आपली मुलगी परक्यांच्या तोंडातली घाण काढते, हे त्यांच्या गळी उतरेना. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. महाराष्ट्र मंडळात, देवळात, कुणाच्या बारशाला, कोणी विचारलं की ते बिनदिक्कत सांगायचे, मुलगी डेंटिस्ट आहे. रुचा भांडली, रुसली, एकदा जेवणावरून उठली. लोकांना कुठे फरक कळतो, एवढंच ते म्हणायचे. वर पुन्हा तिचाच स्वभाव तापट.

२००७च्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांनी फर्मान काढलं की फ्रीमाँटला जायचंय. मंडळातल्या प्रतापकडे त्याचे वडील पुरुषोत्तमराव नागपूरहून आलेत, त्यांचा दात दुखतोय, इन्शुरन्स नाही, तर जरा बघून ये. मी बघून काय करू, त्यांना डेंटिस्टकडे न्या, असं रुचानं सांगून पाहिलं. मी शब्द दिलाय, म्हणून कुमाररावांनी गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

कसला शब्द, ते तिला तिथे पोचल्यावर कळलं. पुरुषोत्तमकाका सोफ्यावर भिंतीला टेकून बसले होते. डावा गाल सुजून टम्म झालेला, सूज जबड्याखाली मानेपर्यंत उतरलेली, अंगात ताप. तोंड धड उघडत नव्हतं, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. तरी बिचाऱ्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"आलीस का, बाई," ते कसेबसे म्हणाले. "तुझे बाबा म्हणाले, परक्या डॉक्टरकडे कशाला जाता, माझी लेक रविवारी येईल. म्हणून आठवडाभर कळ काढली."

हे दुखणं साधं नाही, हे कळायला कुठलीही पदवी लागत नाही, नुसते डोळे लागतात. पण घरचा डॉक्टर येणार म्हटल्यावर त्या घरानं डोळे मिटून घेतले होते. रुचानं काकांना आधार देऊन उठवलं आणि प्रतापला ताबडतोब गाडी काढायला सांगितलं. कुमारराव मागच्या सीटवर बसले.

हॉस्पिटलमध्ये काकांना थेट ऑपरेशनला नेलं. दुपारी सर्जन बाहेर आला. दाताचा पू मानेत उतरला होता, पण आता जिवाचा धोका टळला आहे, म्हणाला. आणखी एक दिवस गेला असता तर श्वास कोंडला असता, असंही म्हणाला. तो आत गेला आणि प्रतापची भीती रागात बदलली.

"रुचा, तू डेंटिस्ट आहेस ना यार? आणि बाबांना फुल वीक वेट करायला लावलंस? एक फोन करता आला नाही?"

रुचानं वडिलांकडे पाहिलं. आता तरी बोलतील. कुमाररावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला.

"तिला सुट्टीच मिळाली नाही रे," ते म्हणाले. "फार बिझी असते ती."

रुचाच्या अंगाची लाही लाही झाली. आजवर खोटं मिरवलं, ते एक वेळ तिनं सोडलं असतं. पण आता ते खोटं झाकायला या माणसानं एका म्हाताऱ्याच्या जिवावर बेतल्याचा दोष पोटच्या पोरीच्या माथी मारला होता. एवढी लाज वाटत होती त्यांना तिच्या कामाची.

"प्रताप, मी डेंटिस्ट नाही. कधीच नव्हते," ती म्हणाली. "मी हायजीनिस्ट आहे. दात क्लीन करते, आणि मला ते काम मनापासून आवडतं. तुझ्या बाबांचं मला आज सकाळी कळलं. आधी कळलं असतं तर त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांपुढे बसवलं असतं. थांबा म्हणून कोणी सांगितलं, ते यांना विचार."

प्रताप कुमाररावांकडे वळला.

"काका, रुचा काय करते?"

कुमाररावांनी इकडेतिकडे पाहिलं. त्या खोलीत मराठी कळणारं चौथं माणूस नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"हायजीनिस्ट आहे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत तिच्या कामाचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि तेही पोलिसांपुढे गुन्हा कबूल करावा तसं.