ओरडल्यावर पळते

रील नवलला त्याच्या बापानेच दाखवली. चोपड्याकडच्या त्यांच्या गावात, केळीच्या बागेत, ट्रक भरणं चालू असताना, सगळ्या मजुरांच्या समोर.

रीलमध्ये पुनम होती, नवलची धाकटी बहीण. धुळ्याला पोलीस भरतीच्या अकॅडमीत राहायची. शिट्टी वाजते, पोरी सुटतात आणि पुनम निम्म्यातच गुडघे धरून वाकते. मग पितांबर सर येतात, फौजेतून रिटायर झालेले. "लाज वाटते का? चाल! सगळ्यांसमोर चाल, बेशरम!" पुनम मान खाली घालून ग्राउंडला चक्कर मारते. एक, दोन. आणि मग पळते. खरंच पळते, पुढच्या पोरींना गाठते. खाली लिहिलेलं, 'आवाज पाहिजे, मग पोरगी पळते.'

"देख," प्रेमराज म्हणाला. बाप तोच आणि टोळीचा मुकादमही तोच. "मास्तर वरडना तं पयनी. मन्ही पोर पोलीस व्हई."

"आम्हीन बी याना वर कितला वरडनूत," नथ्थू मजूर नवलकडे बोट करून म्हणाला. "पन डिझेल काई लवकर तापस नही."

सगळे हसले. डिझेल म्हणजे नवल. सकाळी पहिला घड खांद्यावर घेतला की त्याच्या मांड्या दगड व्हायच्या, बोटं आखडायची. बसून घ्यायचा. शिव्या खायचा. मग उठून हळूहळू चालायला लागायचा, आणि थोड्या वेळाने सगळ्यांसारखे घड उचलायचा. हेच त्याला नडलं. आजारी माणूस दिवसभर आजारी असतो. दहा मिनिटांत बरा होतो तो कामचोर. असं ठरलेलंच होतं गावात.

गेल्या हिवाळ्यात ट्रक घाईत भरायचा होता. बापाने बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवलची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. जळगावच्या डॉक्टरने सलाईन लावलं, रक्त मुंबईला पाठवलं, मग समजावलं. नवलने नंतर मोबाईलवर वाचून वाचून ते पाठ केलं.

स्नायूत साखर साठवलेली असते, ग्लायकोजन. केळीच्या घडासारखी, एकाला एक चिकटलेली. पळायचं म्हटलं की टोकाकडून एकेक साखर तोडणारा लागतो. ते एन्झाइम, फॉस्फोरायलेज. नवलच्या स्नायूत तो तोडणारा जन्मापासून नाहीच. माल भरलेला, पण काढणार कोण? लिव्हरमधला तोडणारा वेगळा, तो ठणठणीत. म्हणून रक्तातली साखर नॉर्मल, आधीचे रिपोर्ट नॉर्मल, नवल खोटारडा. हळू चालत राहिलं की दहा मिनिटांत लिव्हरची साखर आणि अंगातली चरबी रक्तातून स्नायूपर्यंत पोचते. मग गाडी चालते. तसंच दामटलं तर स्नायू फुटून त्याचा काळपट रंग लघवीत उतरतो आणि किडनी बसते.

दोष आईकडून एक आणि बापाकडून एक आलेला. पुनमलाही असू शकतो, डॉक्टर म्हणाले होते. घरी सांगितलं तर प्रेमराज ताट सारून उठला होता. "मन्हामा काय खोट शे? सोता काम करस नही, आन आते बहीनले बी बसाडस."

पुनमही तेव्हा हसली होती.

नवलने रील परत पाहिली. तिची बोटं पाहिली. आखडलेली. त्याच्या डोक्यात जाळ झाला. खांद्यावरचा घड त्याने बापाच्या पायाशी टाकला आणि निघाला. "केळी फुटनी रे!" प्रेमराज मागून ओरडला. फुटू दे.

धुळ्याच्या एसटीत अमळनेर येईपर्यंत तो मनातल्या मनात शिव्या देत होता. पितांबर सरला, बापाला, त्या रीलवर अंगठे देणाऱ्या सगळ्यांना. ओरडलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ते तोडणाऱ्याला हाक मारतं, ऊठ, साखर काढ. बरोबर आहे. पण हाकेला ओ द्यायला तिथे कोणी पाहिजे ना! पुनम ओरडण्याने पळत नव्हती. बेशरम म्हणून जी चक्कर मारायला लावली, त्या चालण्याने पळत होती. आणि हा माणूस छाती काढून फिरत होता.

ग्राउंडवर पोचला तेव्हा सर तिची 'सुरुवात सुधारत' होते. शंभर मीटर. परत शंभर मीटर. आज चालणं बंद.

नवल सरळ तिच्या लाइनमध्ये जाऊन उभा राहिला.

"ओ हिरो! बाजूला हो."

"मी भाऊ आहे तिचा. बंद करा हे."

"अच्छा, डिझेल!" सर हसले. तिनेच सांगितलं असणार. "तुझी बहीण काय म्हणते विचार. सर ओरडले की ताकद येते म्हणते."

"तिच्या स्नायूत साखर सुटत नाही, सर. किडनी जाईल तिची."

"साखर? मग चहा पाज तिला." पोरं खिदळली.

"भाऊ, तू घरी जा," पुनम दात खात म्हणाली. तिच्या मुठी उघडत नव्हत्या. "माझी इज्जत काढू नको."

नवलला कळलं, एन्झाइम सांगून इथे काही होणार नाही. एकच प्रश्न उरला होता आणि तो चांगला नव्हता.

"पुनम, लघवी कोणत्या रंगाची होते तुला?"

सगळ्या पोरांसमोर. मोठ्याने.  मग मागून कोणीतरी फिसकन हसलं.

पुनमने त्याच्या थोबाडीत मारली. मूठ उघडेना, म्हणून मुठीनेच.

"सांग," तो म्हणाला. ओठ फुटला होता. "मार अजून, पण सांग."

ती रडली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "परवापासून काळी होते."

 पितांबर सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "हे मला आधी सांगायला नको होतं का? माझी काही जबाबदारी नाही हं यात."

"ओरडायची जबाबदारी तुमची होती ना," नवल म्हणाला, "तेवढीच घ्या."

रिक्षात पुनम त्याच्याकडे पाठ करून बसली. "मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"नको बोलू."

दवाखान्यात बाटलीतली लघवी बघून डॉक्टरीण सलाईन लावायला धावली. आणलं ते बरं केलं, एवढंच नंतर म्हणाली. रक्त तपासायला गेलं. नवल पलंगाशी उभा राहिला. बसायला कोणी सांगितलं नाही.

फोन वाजला. नाना, म्हणजे बाप. पुनमने स्पीकरवर घेतला, हात वर होत नव्हता.

"नाना, माले बी तेच शे. जे भाऊले शे."

पलीकडे ट्रकचा आवाज. प्रेमराज म्हणाला, "मंग भरतीनं काय व्हई?"

नवलने फोनकडे हात नेला, भिंतीवर आपटायलाच. पण पुनमने आधी तोंड उघडलं, आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"पहिले तं इचार ना, 'पोरी, तू कशी शे?' आमले दोन्हीसले कधी इचारं का तू? एकदा तरी?"

तिचं आखडलेलं बोट तीनदा चुकलं, चौथ्यांदा तिने फोन कापला.