बाजीरावांचा डावा डोळा

काटेवाडीच्या बाजीरावांचा डावा डोळा सारखा लवायचा, अगदी डोळा मारल्यासारखा. ते रस्त्याकडेला नुसते उभे राहिले तरी एसटी थांबायची, आणि एकदा तर पाटलांच्या वळूनं लाजून मान खाली घातली होती. पण लेकीला, साक्षीला बघायला पहिले पाहुणे आले, तेव्हा तो नेमका मुलाच्या आईकडं बघून लवला. पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

म्हणून साक्षीला बघायला इंदापूरची दुसरी मंडळी यायच्या आत बाजीरावांनी बारामतीत जाऊन डोळ्याभोवती बोटॉक्स टोचून घेतलं. डोळा गप्प झाला, पण त्याच्याबरोबर गालही गप्प झाला. पाहुण्यांना बघून ते हसले, तर निम्मंच तोंड हसलं.

मुलाच्या मामानं कपबशी खाली ठेवली. "तात्या, घराण्यात लकवा हाय का?"

"न्हाय वो. इंजेक्शन घेतलंय, त्यानं झालंय."

"कशाचं इंजेक्शन?"

खरं सांगावं तर डोळा उघडा पडणार, न सांगावं तर लकवा पक्का. "हाय आपलं एक," बाजीराव म्हणाले. "तीन महिन्यांत असर उतरतोय, डाक्टर म्हणाला. समदं पयल्यासारखं हुतंय."

"मग तवाच येतो की," मामा उठत म्हणाला. "तुमचं त्वांड नीट बघू आन् मगच सुपारी फोडू."

आतून बाजीरावांच्या बायकोनं, रंगुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. गाल सुटणार त्याच दिवशी डोळाही सुटणार होता. बाजीराव मात्र पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवताना निम्म्या तोंडानं म्हणत राहिले, "व्हय, व्हय. या की. नक्की या."