पोलादी नळीची साक्ष

मी एक जुनी पोलादी नळी आहे, लांबीला तुमच्या कंपासपेटीएवढी. आता प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या खालच्या खणात, दोन्ही तोंडांना बुचं लावून पडून असते.

मित्रांनो, माझ्या पोटात पिठाहून बारीक भुकटी ठासून भरली आहे. बुरशीच्या आजारात माणसाच्या रक्तात औषध किती उतरलं, ते शोधायचं माझं काम. औषध कमी पडलं तर बुरशी माजते, जास्त झालं तर यकृत बिघडतं. रक्त गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी काढायचं, स्वच्छ करून माझ्यातून सोडायचं. औषध माझ्यात रेंगाळे, आपल्या वेळी बाहेर पडे आणि यंत्राच्या पडद्यावर आलेखात त्याचा डोंगर उमटे. औषध जेवढं जास्त, तेवढा डोंगर उंच.

मला सांभाळणाऱ्या ताई मला 'आजीबाई' म्हणत. काम संपलं की मला आतून धुऊन ठेवत. "आमची आजीबाई खोटं बोलत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एका शिंपीणबाईंच्या फुप्फुसात बुरशी शिरली होती. त्यांची मुलगी प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन ताईंना विचारी.

"मावशी, आईला औषध पुरतंय का हो?"

"पुरतंय गं. आईला म्हणावं, माझा ब्लाउज अडकलाय तुमच्याकडे. एवढ्यात सुटका नाही!"

मुलगी हसे.

एका सकाळी शिंपीणबाईंच्या नमुन्याचा डोंगर पडद्यात मावेना. "काय गं आजीबाई, म्हातारचळ लागला की काय?" ताईंनी मला धुतलं, ठाऊक असलेल्या मापाचं औषध सोडून पारखलं. मी बरोबर होते. नमुना पुन्हा सोडला, पुन्हा तोच डोंगर. अहवाल गेला. डॉक्टरांनी औषध निम्मं केलं.

पुढच्या वेळी पडद्यावर जेमतेम टेकडी उमटली. ताईंनी घाईघाईने वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, मागचं रक्त कुठून घेतलं होतं?"

"सलाइनच्या नळीतून. शीरच मिळेना, काय करणार?"

त्याच नळीतून बाईंना औषध चढत होतं. आत उरलेलं औषध रक्तात मिसळून आलं होतं. ताईंनी तडक डॉक्टरांना कळवलं. औषध वाढवलं, पण तोवर बुरशी मेंदूपर्यंत पोचली होती.

आई गेल्यावर मुलगी एकदाच आली. कागदात गुंडाळलेला ब्लाउज तिने खिडकीतून आत दिला. "आईने झोपूनच शिवला. हुक तेवढे राहिलेत."

माझ्या जागी आता नवी नळी आहे. मित्रांनो, आम्ही आलेलं मोजतो, कुठून आलं ते आम्हाला विचारता येत नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही विचारत जा. ताई आता प्रत्येक नमुना कुठून घेतला ते विचारतात. तो ब्लाउज त्यांनी माझ्याच खणात ठेवला आहे. हुक अजून लावलेले नाहीत.